गुहागर ते केळशी: सात वर्षांचा प्रवास

गुहागरहून केळशीला जायला किती वेळ लागतो, हे मी निघण्यापूर्वी तिघांना विचारलं होतं. एकानं चार तास सांगितले, दुसऱ्यानं पाच. तिसरे आमचे तात्या. ते म्हणाले, "ते तरीवर आहे." तर म्हणजे खाडी पार करणारी होडी, आणि ती सुटेल तेव्हा सुटेल. सात वर्षं लागतात असं मात्र तिघांपैकी कोणीच बोललं नाही. ते मला तिथे गेल्यावर कळलं.

मी म्हाताऱ्यांची डॉक्टर आहे. शिक्षण संपवून हा विषय निवडला तेव्हा आमच्या सरांनी चष्मा काढून विचारलं होतं, "पण त्यात तू बरं काय करणार?" पहिली काही वर्षं मलाही त्याचं उत्तर येत नव्हतं. मी खुर्चीत बसलेल्या माणसाला तपासायची, गोळ्या लिहायची, संपलं. मग हळूहळू लक्षात आलं, की खुर्चीच्या मागे जी सून, मुलगी किंवा बायको उभी असते, तिची तब्येत खुर्चीतल्या माणसापेक्षा जास्त बिघडलेली आहे आणि तिला कोणी काही विचारत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटमागे दोन कागद करते. पहिला खुर्चीतल्याचा, दुसरा मागे उभ्या असलेल्याचा. दुसऱ्या कागदावर पहिला प्रश्न ठरलेला: तुम्ही स्वतःसाठी म्हणून शेवटचं कधी, कुठे गेला होता? दवाखान्यातले सहकारी मला 'दुसऱ्या कागदाची डॉक्टर' म्हणतात. म्हणोत.

पुढे ह्या मागे उभ्या असलेल्यांची बाजू मांडत मी गावोगाव बोलू लागले. काळजी घेणाऱ्यानं सुट्टी घ्यावी, काम दुसऱ्यावर सोपवावं, आपल्यावाचून अडतं हा समज सोडावा, असं मी फार चांगलं सांगते. ह्या दौऱ्यावर निघताना माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आई मी घरी नवऱ्यावर सोपवली होती. सोबत चार पानी सूचना टाईप करून दिल्या होत्या, आणि सकाळ-संध्याकाळ फोन करीन असं बजावलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गुहागर, पहिला दिवस

दोन हजार एक सालातला फेब्रुवारी. एसटीच्या प्रवासाचं वर्णन करत नाही. घाट होता, वळणं होती आणि ती शेजारच्या बाईंना लागत होती, एवढं पुरे.

तात्या म्हणजे गावातले निवृत्त शिक्षक आणि वाचनालयाचे चिटणीस. स्टँडवर त्यांनी माझ्या हातात शहाळं दिलं आणि ते संपायच्या आत माझं माहेर, सासर, मुलं किती, ती कुठे असतात आणि मी केस कशानं काळे करते, हे सगळं काढून घेतलं. पुण्यात शेजारी राहून वीस वर्षांत जे कोणी विचारत नाही, ते इथे शहाळ्याच्या पहिल्या दोन घोटांतच आटोपतं. आमच्या विद्यार्थ्यांना पेशंटची माहिती इतकी चटकन काढता आली, तर माझं निम्मं काम हलकं होईल.

कार्यक्रमाबद्दल मी तात्यांना सविस्तर पत्र पाठवलं होतं. कार्यक्रम वृद्धांसाठी नाही, त्यांना सांभाळणाऱ्यांसाठी आहे, हे वाक्य खाली रेघ मारून लिहिलं होतं. दुपारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात शिरले, तर समोर तीस-पस्तीस म्हातारी माणसं स्वच्छ कपडे घालून रांगेत बसलेली. प्रत्येकाच्या मांडीवर रिपोर्टांची पिशवी. सत्तरीच्या आतलं कोणी दिसेना. तात्या स्वतःच एकाहत्तरचे, पण ते कार्यकर्त्यांत.

"तात्या, ह्यांना सांभाळणारे कुठे आहेत?" मी हळूच विचारलं.

"सोडून गेले हो. सहाला न्यायला येतील."

"पण मी पत्रात लिहिलं होतं..."

"वाचलं ना. दोनदा वाचलं. सांभाळणाऱ्यांसाठी कार्यक्रम. म्हणून घरोघर सांगून आलो, पुण्याच्या डॉक्टरीणबाई दोन तास तुमच्या माणसांना सांभाळणार आहेत, तुम्ही मोकळे. असा कार्यक्रम आमच्याकडे आजवर झाला नव्हता. लोक फार खूश आहेत."

मला राग आला होता, पण तो काढायला जागा नव्हती. पस्तीस माणसं मला आपली लघवी, गुडघे आणि सुना ह्या क्रमानं सांगायला उत्सुक होती. मी भाषणाचे कागद पिशवीत ठेवले आणि ब्लडप्रेशर मोजत सुटले. संध्याकाळी न्यायला आलेल्या मंडळींकडून कळलं, की दोघी-तिघी समुद्रावर जाऊन पाण्यात पाय बुडवून आल्या होत्या आणि एक जण दार लावून नुसती झोपली होती. माझ्या आजवरच्या भाषणांनी जे साधलं नसेल, ते तात्यांच्या चुकीनं दोन तासांत साधलं. हे मी त्यांना सांगितलं नाही, कारण त्यांना ती चूक वाटत नव्हती.

शेवटच्या रांगेत मात्र एक बाई खरंच सांभाळायला बसलेल्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, अंगावर साधं सुती पातळ. शेजारी त्यांच्या सासूबाई, सगळे त्यांना माई म्हणत. माईंनी सुनेच्या पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. पलीकडच्या भिंतीकडे बघत त्या अधूनमधून काहीतरी मोजत होत्या. विसराळूपणाचा हा आजार मी रोज बघते. सांगायला डॉक्टर लागत नाही.

मी पहिला कागद भरला. मग दुसरा काढला आणि सुनेला, सुनंदाताईंना, माझा ठरलेला प्रश्न विचारला.

"केळशीला," त्या लगेच म्हणाल्या. "माहेर आहे माझं. सात वर्षं झाली."

"सात वर्षं? केळशी इथून अशी कितीशी लांब?"

"लांब कुठली. खाडी ओलांडली की आलीच म्हणायची." मग त्यांनी पिशवीतून कागदात बांधलेलं एक गाठोडं काढलं. "तुम्ही इथून केळशीलाच जाणार ना? तात्या म्हणाले, तिकडे देवळात तुमचं भाषण आहे. माझ्या आईला एवढं द्याल? लुगडं आहे आणि आमच्या वाडीतली सुपारी. लुगड्याचा रंग अबोली आहे म्हणून सांगा. काचबिंदूनं तिचा एक डोळा गेलाय आणि दुसरा चाललाय. भाऊ लिहितो, सारखी म्हणत असते, दिसतंय तोवर सुनूला बोलवा."

"मग तुम्हीच का जात नाही?"

त्यांनी माईंच्या मुठीतल्या पदराकडे पाहिलं. "माझ्याशिवाय माई कोणाच्या हातून जेवत नाहीत."

एकदा त्या निघाल्याही होत्या. तीन वर्षांपूर्वी तर सुटते त्या धोपाव्याच्या धक्क्यापर्यंत पोचल्या, आणि तिथे मोटारसायकलवरून निरोप आला की माईंनी घास घेतलेला नाही. होडी समोर उभी असताना त्या परत फिरल्या होत्या.

मी गाठोडं घेतलं नाही. म्हटलं, "उद्या तुमच्या घरी येते. माई जेवतील आणि हे लुगडं तुम्ही स्वतः नेऊन द्याल." काही वाक्यं बोलताना फार बरी वाटतात.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून घरी फोन केला. आईनं सकाळची गोळी घेतली का, विचारलं.

"नाही," आमचे हे म्हणाले. "तोंड मिटून बसल्या."

"पान तीन, दुसरा परिच्छेद वाच."

"वाचला. त्यांनाही वाचून दाखवला."

गुहागर, दुसरा दिवस

सुनंदाताईंचं घर वाडीत, म्हणजे नारळी-पोफळींच्या बागेत. जांभ्या दगडाच्या पायऱ्या उतरून आत गेलं की ऊन जे मागे राहतं, ते दुपारपर्यंत भेटत नाही. पोफळींच्या बुंध्यांवर मिरीचे वेल चढलेले, मधून पाण्याचा पाट, आणि पलीकडे सुरूच्या बनामागे समुद्राचा आवाज. मी तो आवाज ऐकत थांबले, तर सुनंदाताईंचे यजमान बापू म्हणाले, "पंप बंद करायचा राहिला, तोच तो." समुद्र त्याच्या मागे होता.

बापूंबद्दल मी मनात एक खलनायक तयार करून नेला होता. तो घराच्या पायरीवरच मोडला. साठीचे, मऊ बोलणारे, बायकोबद्दल खंत असलेले गृहस्थ. "मी काय कमी प्रयत्न केले का?" ते म्हणाले. "तीन वर्षांपूर्वी ही निघाली, तेव्हा खिमट केलं, पेज केली, साय-साखर केली. आईनं तोंड उघडलं नाही. घशाला कोरड पडली तिच्या. मग काय करणार, बोलावलं हिला परत."

साडेअकरा वाजता मी पदर खोचला. ह्या विषयावर मी परिचारिकांना शिकवते. आवाज कमी करा, समोर नाही, बाजूला बसा, ताट पांढरं नको म्हणजे भात दिसतो, चमचा त्यांच्या हातात देऊन वर आपला हात ठेवा. मी सगळं केलं. माईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा दाराकडे, आणि ओठ मिटले. दहा मिनिटांनी मी त्यांच्या गालाला हलकेच हात लावला, हीही एक मान्य पद्धत आहे, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि तोंडातली पेज माझ्या चष्म्यावर आली. मागच्या दाराशी भांडी घासत असलेली एक म्हातारी मोठ्यानं हसली.

सुनंदाताई आल्या. मागच्या पडवीत गेल्या, थोड्या वेळानं परत आल्या, माईंच्या कानाशी वाकून काहीतरी बोलल्या आणि घास पुढे केला. माई जेवायला लागल्या. मऊ भात, वर मेतकूट, कोवळ्या फणसाच्या भाजीतली बारीक फोड. सगळं पान स्वच्छ झालं. मी चष्मा पुसत बघत होते.

"कानात काय सांगितलंत?"

"काही नाही. देवाचं नाव घेते," त्या म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता.

आम्हालाही तेच जेवण होतं, शिवाय कुळथाचं कळण आणि सोलकढी. हरलेल्या माणसानंही इतकं जेवावं की नाही, अशी शंका आली, पण ती सोलकढीच्या दुसऱ्या वाटीनंतर.

दुपारी वाडीत फिरताना ती हसणारी म्हातारी भेटली. तिचं नाव भागी. नवी नवरी होती तेव्हापासून ह्या वाडीत कामाला. आता काम करायचं वय राहिलं नव्हतं, पण यायची मात्र रोज. मी तिला माझी कला कशी वाटली ते विचारलं.

"तुमी बाई डाक्टर, तुमाला म्या काय सांगू," ती म्हणाली आणि सांगायला लागली. "आवो, माई आमच्याआदी कवा जेवल्याच न्हाईत. तवा धा-बारा गडी असायचे. समद्यांना वाढायच्या, शेवटचा गडी हात धुवून उठला का मंग सोताचं पान घ्यायच्या. आंगात ताप असला तरी चुलीपाशी बसून राह्यच्या. तुमी घास न्हेलाव तवा त्या दाराकडं कशाला बगत व्हत्या?"

मी वीस वर्षं माणसांची माहिती विचारते आहे. आजार कधी सुरू झाला, झोप कशी आहे, सारं विचारते. ही बाई उभ्या जन्मात कोणाच्या नंतर जेवली, हे मी विचारलं नव्हतं. आणि बापूंनाही ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. पुरुषांची पंगत माजघरात पहिली बसायची, ढेकर देऊन उठायची आणि आडवी व्हायची. त्यानंतर मागच्या पडवीत काय चालतं, हे त्यांनी साठ वर्षांत पाहिलंच नव्हतं.

सुनंदाताई विहिरीच्या कठड्याशी सोललेली सुपारी निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले.

"'गडी जेवले' असं सांगता ना माईंना?"

त्यांचा हात थांबला. मग त्यांनी हो म्हणून मान हलवली.

"बापूंना का नाही सांगितलंत? सांगितलं असतं तर त्यांनाही भरवता आलं असतं."

"तेच तर," त्या म्हणाल्या. मी थांबले, थांबणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे. "ह्या घरात आले तेव्हा सगळं माईंच्या हातात. मीठ किती, पाहुण्यांना काय, कुठल्या झाडाचे नारळ उतरवायचे. मी नसते तरी काही अडलं नसतं. पहिल्यांदा अडलं ते माईंना आजार झाल्यावर. सगळे म्हणायला लागले, सुनंदाशिवाय पान हलत नाही. धोपाव्याहून परत फिरले ना, तेव्हा वाटेत रडू आलं. आणि खरं सांगू? थोडं बरंही वाटलं." त्यांनी सुपारी पुन्हा हातात घेतली. "आता आईचे डोळे चाललेत, आणि मी इथे हे एक वाक्य दडवून बसलेय. मला माझीच लाज वाटते."

माझ्या पिशवीत अशा वेळी बोलायची दहा चांगली वाक्यं असतात. एकही काढावंसं वाटलं नाही. मी तशीच उठले, रस्त्यावरच्या बूथवर गेले आणि घरी फोन लावला.

"गोळी?" मी विचारलं.

"नाही."

"ऐक. चहाच्या डब्याच्या मागे एक छोटा डबा आहे. त्यात गूळ आहे. गोळीबरोबर चण्याएवढा खडा दे, म्हणजे घेईल."

"आईंना डायबेटिस आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"तू डॉक्टर आहेस."

"तेही माहीत आहे."

"चार पानांत हे कुठे लिहिलेलं नाही."

"नाही लिहिलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. बूथवाला माझ्याकडे नवीन आदरानं बघत होता.

संध्याकाळी ओटीवर सुनंदाताईंनी नवऱ्याला ते वाक्य सांगून टाकलं. बापू अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. ते कातरतच राहिले. मग म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच."

"मग जा की उद्या. बाईही तिकडेच चालल्यात, सोबत होईल."

सात वर्षं का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं नाही. ते न विचारण्याइतके ते शहाणे होते, की ते त्यांना सुचलंच नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सुनंदाताईंनी मात्र नवऱ्याच्या रागाची तयारी केलेली दिसत होती. तो न आल्यामुळे त्या बराच वेळ दाराला धरून उभ्या होत्या.

धोपावे

सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. सुनंदाताईंच्या मांडीवर गाठोडं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर गाडी आली, तेव्हा काजूला मोहोर दिसला, खाली खाडी दिसली, पण सुनंदाताईंचं लक्ष घड्याळाकडे. "आता भात टाकला असेल त्यांनी," असं त्या दर दहा मिनिटांनी सांगत होत्या. माझ्या हिशेबानं बापूंनी तोवर चार वेळा भात केला होता.

धक्क्यावर तर लागलेली होती. तरीवाल्यानं सुनंदाताईंना ओळखलं. "वयनी, म्हागल्या टायमाला हितनंच फिरलाव. ह्या टायमाला तरी चला."

"साडेअकरा वाजू देत," त्या म्हणाल्या. "फोन करते आणि मग येते."

तर गेली. आम्ही चहाच्या टपरीशेजारच्या बूथबाहेर बाकावर बसलो. साडेअकराला फोन लागला. बूथ इतका लहान होता की बापूंचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अगं, मी सांगितलं आईला, गडी जेवले. तर मला विचारते, भागी जेवली? म्हटलं, जेवली. तर ओठ मिटून बसली. आता?"

सुनंदाताईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. त्यांच्या पिशवीचा बंद त्यांनी हाताला गुंडाळलाही होता.

मग त्यांनी विचारलं, "भागीला वाढलंत का?"

"कोणी? मी?"

"हो, तुम्ही. मी रोज तिला आधी वाढते. ती जेवली की मग आत येऊन सांगते. नुसतं तोंडानं म्हणून कसं चालेल? माईंना तिथून पडवी दिसते."

हे त्यांनी काल सांगितलं नव्हतं, ते लपवायचं म्हणून नव्हे; कोणी न जेवता 'जेवले' म्हणायचं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते आलं होतं बापूंच्या आणि माझ्या डोक्यात. मी तर मनात ह्या युक्तीवर एक लेखही योजून ठेवला होता: 'एक वाक्य, एक घास'. तो बाकावरच रद्द केला.

"मला कुठे वाढता येतं," बापू म्हणत होते.

"भात कालथ्यानं घ्या, आमटी पळीनं. पान मांडून तिला बसा म्हणा. आणि ती उठेपर्यंत तिथेच थांबा, माई थांबायच्या तशा. मी अर्ध्या तासानं फोन करते."

तो अर्धा तास लांब होता. तर पलीकडे दाभोळला जाऊन परत आली. तरीवाला शिडाच्या काठीला टेकून आमच्याकडे बघत राहिला; उतारू चढले, एकानं कोंबड्यांची पाटी चढवली, तरी त्यानं इंजिन सुरू केलं नाही. कोणी कुरकुरलं तर म्हणाला, "थांबा वाईच. वयनीची सासू जेवतेय." आणि आश्चर्य म्हणजे उतारू थांबले. एका बाईनं तर काय केलंय जेवायला म्हणून विचारलं. पुण्यात पीएमटी सासूसाठी थांबलेली मी पाहिलेली नाही.

बारा वाजून पाच मिनिटांनी फोन लागला.

"आईनं खाल्लंन," बापू म्हणाले. "सगळं. भागी पानावर बसेचना, म्हणे बापू, तुमी वाढताव आन् मी खाऊ व्हय, मला घास जायचा न्हाय. मी म्हटलं, बाई, जेव, नाहीतर आमचं घर बुडेल. आई दारातनं सगळं बघत होती. भागी हात धुवून उठली आणि आईनं आपणहून आ केलंन." मग थांबून म्हणाले, "भागी म्हणते, आमटीला मीठ नव्हतं."

सुनंदाताईंनी फोन ठेवला. मला वाटलं होतं त्या हसतील. त्या बूथच्या काचेला टेकून रडल्या, आणि मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "मीठ उजवीकडच्या बरणीत असतं हे सांगायला हवं होतं." मी त्यांना दुसरा फोन करू दिला नाही. तसंच दंडाला धरून तरीवर चढवलं.

केळशी

दाभोळहून दापोली, दापोलीहून केळशी. दुसरी एसटी वाटेत पंक्चर झाली आणि ड्रायव्हरनं सगळ्यांना खाली उतरवून आंब्याखाली बसवलं. एरवी मी चिडले असते. पण शेजारच्या बाईंनी सात वर्षं थांबून दाखवलेलं असताना तासाभरासाठी कोणत्या तोंडानं चिडायचं?

आम्ही पोचलो तेव्हा दिवस कलायला आला होता, पण अंगणात भरपूर उजेड होता. सुनंदाताईंची आई तुळशीजवळ पाटावर बसली होती. लहानशी बाई, मान एका बाजूला कललेली, उरलेल्या डोळ्यानं बघायची सवय झाल्यामुळे. कोणी काही बोलायच्या आत सुनंदाताई तिच्यापुढे जाऊन बसल्या. म्हातारीनं दोन्ही हातांनी तिचं तोंड धरून उजेडाकडे वळवलं. मी डॉक्टर आहे, मला माहीत होतं की त्या डोळ्यात किती थोडं उरलं असेल, आणि तेवढंही नसेल तर काय होईल ह्या भीतीनं मी अंगणाच्या कडेलाच उभी राहिले.

म्हातारी बघत राहिली. मग म्हणाली, "केस पांढरे झाले गो तुझे, सुनू."

"दिसतायत तुला?"

"दिसतायत तर. कानाशी जास्त आहेत."

आपले केस पांढरे झाले हे ऐकून कोणी इतकं आनंदी झालेलं मी पाहिलेलं नाही. गाठोडं सोडलं गेलं, लुगड्याचा रंग अबोली आहे हे कोणाला सांगावं लागलं नाही. मला घावणे आणि नारळाचा रस मिळाला. मी पाचवा घावण नाही म्हटलं, तर घरातल्या सर्वांना वाटलं माझं पोट बिघडलंय.

आणि मग सवयीनं माझी नजर पाटाच्या मागे गेली. तिथे सुनंदाताईंची भावजय, मालतीवहिनी, ताटं हातात घेऊन उभी होती. मी दुसरा कागद काढला.

"वहिनी, तुम्ही स्वतःसाठी शेवटचं कधी, कुठे गेला होता?"

तिनं आधी सासूकडे पाहिलं, मग नणंदेकडे. "माझं माहेर नाट्याला, राजापूरकडे," ती म्हणाली. "पाच वर्षं झाली असतील. पण सासूबाईंना माझ्याशिवाय चालत नाही."

घरोघरी मातीच्या चुली. मी बोलायला तोंड उघडलं होतं, पण माझ्या आधी सुनंदाताई बोलल्या.

"मी आठ दिवस आहे, वहिनी. तू उद्या निघ. फक्त आई कशानं जेवते ते मला सांगून जा."

"तसं काही नाही," वहिनी म्हणाली. "वाढलं की जेवतात."

ती माझ्याकडे न बघता बोलत होती. असं न बघता बोलणं मला आता ओळखू येत होतं, आणि सुनंदाताईंना तर माझ्या आधी. त्या उठल्या, वहिनीच्या हातातली ताटं काढून घेतली आणि तिच्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "सांग गो. सांगितलंस म्हणून तू इथून नाहीशी होत नाहीस. मी बघितलंय."

वहिनी अगदी हळू म्हणाली, "पहिला घास मी खाऊन दाखवायचा. म्हणायचं, कडू नाही, औषध नाही कालवलेलं. मगच त्या तोंड उघडतात."